वाळ्याचं पाणी

आमच्या गाडीला पाण्याची टाकी मी बसवली होती, आणि त्या टाकीतलं पाणी मी स्वतः घोटभरही प्यालो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्रकाशदादाला नाही, आई शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून दिवस काढले, तिलाही नाही. तिला अर्धं माहीत होतं आणि उरलेलं अर्धं तिनं विचारलं नाही. आमच्या घरात सगळ्यांनाच सगळं अर्धं माहीत असायचं. त्यावर आमचं बरं चालायचं.

आता पन्नाशी जवळ आली. आदिलाबादला एका सरकारी खुर्चीवर बसतो, लोक साहेब म्हणतात, आणि अजूनही पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी नाकाला लावतो. लग्न झालं तेव्हा बायकोनं नवलानं विचारलं होतं, पाणी आहे का अत्तर. मी काहीतरी बोलून टाळलं. पुढे मुलगी मोठी होत गेली तशी तीही माझं बघून पेला हुंगायला लागली. एकदा पाहुण्यांसमोर तिनं तसं केलं आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडली कमी, बघत जास्त राहिली. माझी मला इतकी शिसारी आली की मी उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ती शिसारी कुठून येते ते सांगायचं तर गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळ, पैनगंगेच्या अलीकडे; राज्य तेलुगू, गाव मराठी. सगळी काळी जमीन. पाऊस पडून गेला की त्या मातीचा लगदा होतो आणि तो चाकाला असा धरतो की ट्रॅक्टरसुद्धा शेतातून बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. म्हणून बाबांनी जंगल खात्याच्या लिलावातून एक जुनी पिकअप घेतली, चारही चाकांना जोर देणारी. गिअरच्या दांड्याशेजारी तिला दुसरा एक आखूड दांडा होता. तो खाली ओढला की गाडी गुरगुरायची, अंग झाडायची, आणि गुडघाभर चिखलातून रेड्यासारखी वर यायची. गावात अशी गाडी दुसरी नव्हती. बाबा तिला 'फोर-व्हील' म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांची मान आपोआप थोडी वर जाई.

मी तेव्हा आदिलाबादच्या कॉलेजातून नापास होऊन घरी आलो होतो. दादा माझ्याहून मोठा, शेती तोच बघायचा. आम्हा दोघांना त्या गाडीचं वेड लागलं. विकत घेऊन काही लावायचं नाही, सगळं आपल्या हातानं करायचं, यात आमची सगळी शान. बोअरचे जुने पाइप बेल्याच्या वेल्डिंगच्या दुकानात वाकवून आणले आणि पुढचा गार्ड केला. तो एवढा जड झाला की गाडी कायम मान खाली घातल्यासारखी दिसायची. छतावर पिवळे दिवे बसवले. ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप बॉनेटच्या बाजूनं वर चढवला आणि फटींत लांबी भरली. जुन्या टायरचं रबर कापून चाकांमागे पट्ट्या लावल्या, त्यावर मी पांढऱ्या रंगानं घराण्याचं नाव लिहिलं. निर्मलहून लाकडी पोपट आणून काचेमागे चिकटवला. मागे घेताना आरतीची चाल वाजवणारा हॉर्न दादानं कुठूनतरी मिळवला. गोठ्यातून गाडी बाहेर काढताना रोज सकाळी ती आरती वाजायची, गाई बुजायच्या, आणि दादा खर्रा चघळत, खिडकीतून पिचकारी टाकत, खुशीत हसायचा. त्या पिचकारीचे ओघळ मी लिहिलेल्या नावावरून खाली सुकलेले असायचे. ते चित्र आज डोळ्यांसमोर नको वाटतं. तेव्हा मला त्याहून देखणं काही माहीत नव्हतं.

घरात पहाटेपासून जात्याऐवजी गिरणीचा आवाज, कारण गिरणी आमच्याच ओसरीला होती. तिच्या पिठाचा थर सगळ्यावर, देवावरसुद्धा. आई भाकऱ्या थापत असायची, चुलीवर तुरीचं वरण, तव्यावर ठेचा. मागच्या दाराला पायरीशेजारी एक खिळा होता आणि त्या खिळ्याला कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. तो वच्छलाबाईचा. ती आमच्या शेतात निंदणीला, वेचणीला यायची, बौद्ध वस्तीत राहायची. नवरा गेलेला, एक मुलगी, प्रज्ञा. चहा प्यायची तर त्या कपात, विसळायची तिची ती, आणि पुन्हा खिळ्याला लावायची. आई वरून चहा ओतायची, कपाला किटली लागू न देता. या कामात तिचा हात इतका बसला होता की थेंब इकडेतिकडे पडत नसे.

आणि हीच आई शेतात गेली की वच्छलाबाईच्या डब्यातली आंबाडीची भाजी मागून खायची. आमच्याकडे आंबाडी सगळेच करतात. आंबट पाला, कण्या, वरून लसणाची फोडणी. पण वच्छलाबाईची भाजी खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या भाजीला नाव ठेवायचा. ती डबा थोडा मोठाच आणायची, बायांना वाटायची. आई बांधाच्या पलीकडे, रस्त्याकडे पाठ करून बसायची. मी तिच्याशेजारी. "घरी बोलू नोको," एवढंच ती मला म्हणायची. बोटं चाटून पुसून आम्ही दोघं घरी यायचो, आणि मागच्या दाराला तो कप तसाच लटकत असायचा. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. वावगं दिसण्याइतकं मी बघतच नव्हतो.

त्या वर्षी शाळेत दुपारचं जेवण सुरू व्हायचं होतं. जेवण कोण शिजवणार यावर गावात बरीच कुजबुज झाली आणि शेवटी वच्छलाबाईचं नाव ठरलं. हेडमास्तर बाहेरचे होते, तिच्या हातची चव त्यांना माहीत होती, महिला संघात ती होती, आणि उघडपणे नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. उघडपणे नव्हतं एवढंच. संध्याकाळी आमच्या ओसरीवर, गिरणीच्या आवाजात, लोक यायचे आणि बाबांना विचारायचे की आता आपली लेकरं कोणाच्या हातचं खाणार. बाबा म्हणायचे, "सरकारचं हाये, आपून काय बोलाव." आणि लोक वाट बघत बसायचे. कशाची, ते तेव्हा त्यांनाही माहीत नसावं.

वच्छलाबाई मात्र आनंदानं हवेत होती. दोन महिने आधीपासून तिनं शाळेच्या चुलीची जागा सारवून ठेवली होती. मोठ्या पातेल्यात भाताला पाणी किती ठेवायचं याचा तिचा सारखा विचार चाले. मला रस्त्यात अडवून म्हणाली, "विनूबापू, माया हातचं आख्खं गाव जेवन आता. तुमच्यासारखं बांधाआड नाई, रांगेत बसून." आणि हसली. मीही हसलो. तिला आमचं सगळं माहीत होतं आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

वेचणी जवळ आली तशी बायांची ओढाताण सुरू झाली. एकदम सगळ्यांचा कापूस फुटतो आणि सगळ्यांना त्याच बाया पाहिजे असतात. दादा म्हणाला, गाडीत सोय केली तर बाया आपल्याकडं येतील. म्हणून मागच्या हौद्यात शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्या लावून बसायला केलं, वर पाइपांचा सांगाडा करून हिरवी जाळी ताणली, चढायला लोखंडी पायरी जोडली. आणि मी म्हणालो, पिण्याच्या पाण्याची टाकी लावू, नळासकट. ही कल्पना माझी. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. कॉलेजात नापास झाल्यापासून घरात माझ्या पाठीवर पडलेली ती पहिली थाप.

ड्रम मी बेल्याच्या खताच्या दुकानामागून आणला. निळा, जाड प्लास्टिकचा, कमरेएवढा. त्यात फवारणीचं औषध आलेलं होतं, दुकानदार ते सुटं विकायचा. आमच्या भागात असे ड्रम घरोघरी होते, आजही आहेत. न्हाणीत, गोठ्यात, बांधकामावर. कुणी राख-सोडा लावून, गरम पाण्यानं घासून, उन्हात उलथे घालून बरेच दिवस ठेवी, कुणी तेही करत नसे. पण प्यायच्या पाण्याला तो वापरू नये एवढी समज सगळ्यांना होती, आणि मलाही होती. मी मनाशी म्हटलं, चांगला धुतला म्हणजे झालं. त्यावरची लाल खूण नि कवटीचं चित्र नखांनी खरवडून काढलं.

आणि मग मी धुतला नाही. आधी रंगवला. हेच सांगायला मला इतकी वर्षं लागली. वेचणीचा मुहूर्त, सीतादही, चार दिवसांवर आली होती आणि मला टाकी त्या दिवशी सगळ्यांना दाखवायची होती. रंग वाळायला वेळ लागतो म्हणून धुण्याआधीच बाहेरून पांढरा ऑइलपेंट मारला, त्यावर हिरव्या वेलबुट्टीची चौकट काढली, आत मराठीत 'पिण्याचे पाणी' आणि खाली तेलुगूत तेच. खरंच सुरेख झालं होतं. आता उकळतं पाणी आणि सोडा घातला तर प्लास्टिक फुगणार, रंग सुटणार. म्हणून गार पाण्यानं आतून खळबळून काढला आणि नळ बसवला. पाणी भरलं, झाकण उघडून नाक आत घातलं. कुजलेल्या लसणासारखा, त्यात गोडसर काहीतरी, असा तो वास. जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो. मी झाकण लावलं. बाजारातून वाळ्याची एक मोठी जुडी आणली, स्वच्छ फडक्यात बांधली, आणि टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी नाक घातलं तर वाळ्याचा वास आला. त्याखाली तो दुसरा होताच. पण तो शोधावा लागत होता, आणि शोधणारा मी एकटा होतो.

सीतादही म्हणजे आमच्याकडे वेचणीचा पहिला दिवस. कापसाच्या झाडापाशी पाच दगड मांडून पूजा करतात, झाडांना दहीभात वाहतात, मग बाया ओटीत पहिला कापूस घेतात आणि सगळे शेतातच जेवतात. त्या दिवशी बाया नटून आल्या होत्या, लेकरंही बरोबर. आरती वाजवत गाडी मागे घेतली, बाया फळ्यांवर बसल्या, हिरव्या सावलीत त्यांचे चेहरे थंड दिसत होते. एकीनं नळ सोडला, ओंजळीनं प्याली आणि ओरडली, बाई बाई, वाळ्याचं पाणी. मग सगळ्यांनी प्यालं. "मालकानं लगनाची सोय केली बाप्पा," कुणीतरी म्हणालं आणि हौदा हसला. दादा आरशातून माझ्याकडं पाहून डोळा मिचकावत होता. मी मागच्या पायरीवर उभा, खांद्याला माझी पाण्याची बाटली. घरून भरून घेतलेली.

ती बाटली मी का घेतली होती, यावर मी स्वतःला किती प्रकारची उत्तरं दिली आहेत. उन्हाचा त्रास होतो, सवय आहे, दुसऱ्यांना पाणी पुरावं. यातलं एकही खरं नाही.

दुपारी पूजा झाल्यावर जेवणं झाली; दादा तेवढा पायी घरी जाऊन जेवून आला. वच्छलाबाईनं त्या दिवशी खास मोठं पातेलं भरून आंबाडीची भाजी आणली होती. शाळेची रंगीत तालीम हाये, असं म्हणून वाढत होती. आईनं घेतली. मी घेतली, आणि संपल्यावर पुन्हा मागितली. "घ्या बापू, पोटभर घ्या," म्हणत तिनं डाव उलटा करून वाढला. प्रज्ञा माझ्यासमोर बसली होती, तिला ठसका लागला आणि ती उठून टाकीपाशी जाऊन पाणी पिऊन आली. नंतर पुन्हा गेली. पोरीला तो वास आवडला होता.

ऊन कलायच्या आधी पहिली बाई कापसाच्या ओळीतच खाली बसली. मग दुसरी. तोंडाला पाणी सुटतंय, गरगरतंय, पोटात पिळतंय. प्रज्ञा आईच्या मांडीवर ओकली आणि ओकतच राहिली, तिच्या ओठांच्या कडेनं लाळेची तार लोंबत होती. माझी आई बांधावरच्या झाडाला धरून उभी होती, घामानं भिजलेली. सगळ्यांना आम्ही पुन्हा त्याच हौद्यात घातलं, त्याच फळ्यांवर. दादानं आखूड दांडा ओढला आणि शेतातूनच आडवी गाडी काढली. मागे कुणी कण्हत होतं, कुणी ओकत होतं, नवीन लोखंडी पायरीवरून ते ओघळत होतं. आणि प्रत्येक गचक्याला टाकी डुचमळत होती. तहान लागली म्हणून एका बाईनं नळाला हात घातला. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, आता पाणी पिऊ नका, ओकारी वाढेल. बस, एवढंच चांगलं मी त्या दिवशी केलं, आणि तेही खोटं कारण सांगून.

बेल्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तेलुगू होता, आमच्याशी हिंदीत बोलायचा. बॅटरी घेऊन एकेकीचे डोळे बघत गेला. खाने में क्या था, त्यानं विचारलं. आंबाडी की भाजी, चारपाच जणांनी एकदम सांगितलं. "और पानी?" दादानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "घर के बोअर का है, साब." ते खरं होतं. पाणी बोअरचंच होतं. डॉक्टरनं दवा मारली का शेतात, असं विचारलं, दादा म्हणाला हो, मागे मारली होती. त्यानं मान हलवली, इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. सगळ्या वाचल्या. दोनतीन दिवसांत घरी आल्या, प्रज्ञा सगळ्यांत शेवटी. सगळ्या वाचल्या, हे वाक्य मी नंतर पुष्कळ वापरलं. झोप येत नसली की घ्यायच्या गोळीसारखं.

डॉक्टरनं फवारणीचं काय विचारलं ते गावात कुणी सांगितलं नाही. भाजीचं सांगितलं. टाकीवर संशय घ्यायचा तर प्रत्येकाला आपापल्या न्हाणीतल्या ड्रमकडे बघावं लागलं असतं. शिवाय पाण्याला तर वाळ्याचा वास होता. आणि लोक वाट बघतच होते. वच्छलाबाईची भाजी बाधली, तिच्या हाताला काही आहे, त्या लोकांचं सोवळं-स्वच्छता काय सांगावी. हे सगळं ओसरीवर, माझ्यासमोर, आमच्याच कपातला चहा पीत. मी गिरणीत दळण ओतत होतो.

शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक झाली. हेडमास्तर, सरपंच, बाबा, आणखी काही माणसं वर खुर्च्यांवर. वच्छलाबाई खाली अंगणात उभी. आजारानं उतरलेली, पण धुतलेलं लुगडं नेसून आली होती. बाबांना आणून मी गाडीपाशीच थांबलो होतो, गार्डाला टेकून. सरपंच फार गोड बोलले. कुणाच्या विरुद्ध काही नाही, म्हणाले, लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे. वच्छलाबाई म्हणाली की भाजी तिनंही खाल्ली, तिच्या पोरीनंही खाल्ली. तर कुणीतरी म्हणालं, "म्हनून तर तुमी बी ओकल्या." यावर एकदोघं हसले. ती मग माझ्याकडं हात करून म्हणाली:

"विनूबापूनं दोनदा घेतली भाजी. त्याले काऊन काई झालं नाई, ते इचारा ना."

सगळे वळले. आईचं नाव तिनं घेतलं नाही, हे माझ्या तेव्हाही ध्यानात आलं. आईनं घरी ऊन लागल्याचं सांगितलं होतं. वच्छलाबाईजवळ एकच पुरावा होता, तो मी. हेडमास्तर पुढे झुकून बघत होते. मी हो म्हणावं असं त्यांना वाटत होतं. बाबांचा चेहरा मात्र निराळ्याच कारणानं ताणला होता. "काऊन रे विनू," ते म्हणाले, "खाल्ली का तू?"

"नाई बाबा," मी म्हणालो. "मी कायले खातो तिच्या हातचं."

पहिल्या वाक्यानं भागलं असतं. दुसरं कुणी मागितलं नव्हतं. ते आपोआप आलं, घरच्या भाषेत, आईच्या किटलीसारखं, थेंब न सांडता. बाबांचे खांदे सैल झाले. त्यांना माझ्यावर इतकं खूश झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं. वच्छलाबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती आठवायला लागल्यासारखी बघत होती, जणू त्या दिवशी खरंच कोण कुठं बसलं होतं ते तपासून बघतेय. मग पदर सावरून निघून गेली. स्वयंपाकाला दुसरी बाई लागली, वरच्या आळीतली. हेडमास्तर पुढच्या वर्षी बदलून गेले.

घरी आल्यावर आईनं मला जेवायला वाढलं. भाकरी ताटात टाकताना तिचा हात थांबला, वाटलं आता बोलेल. "मीठ पायजे का?" एवढं विचारून आत गेली. आम्ही दोघांनी पुन्हा कधी कुणाच्या बांधावर बसून भाजी खाल्ली नाही.

टाकी मी सीतादहीच्या दुसऱ्याच दिवशी काढली होती. नळ गळतो, असं दादाला सांगितलं. त्यानं झाकण उघडलं, आत नाक घातलं, आणि तसाच थोडा वेळ वाकून राहिला. वाळ्याची जुडी मी आधीच काढून उकिरड्यात पुरली होती. दादानं सावकाश झाकण लावलं, बाजूला थुंकला आणि म्हणाला, "डिझेलले ठेवू याले. रंग चांगला हाये." गोठ्यात तो ड्रम पुढे कित्येक वर्षं होता. काळ्या ओघळांखाली वेलबुट्टीची चौकट आणि आत माझं अक्षर, पिण्याचे पाणी. गाडी भंगारात गेली तरी तो होता. दादाशी या विषयावर माझं एक अक्षरही झालं नाही. दिवाळीला भेटतो, शेतीचं बोलतो, खर्रा सोड म्हणतो.

मी पुन्हा परीक्षा दिली, पास झालो, नोकरी लागली. गाव सोडताना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीही किळस आली. ही किळस माझ्याजवळ चांगली टिकली आहे. पण तिचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. शिक्षिका होती, बदलीच्या कामाला आलेली. नाव वाचून मी वर पाहिलं, तिनं मला आधीच ओळखलं होतं. प्रज्ञा. काम झाल्यावर म्हणाली, "माय माझ्याकडंच असते आता, आदिलाबादला. तुमची आठवण काढते. या ना सर घरी." सर म्हणाली. मी येतो म्हणालो आणि जायचं नाही असं ठरवलं, आणि एका रविवारी गेलो.

घर नीटनेटकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाटात पुस्तकं. वच्छलाबाई पलंगावर बसली होती, वाळकी, डोळ्यांना जाड चष्मा. "बापू आले," म्हणाली आणि सरकून जागा केली. प्रज्ञानं चहा आणला, बरोबर दुकानातली बंद बिस्किटं, ताटलीत न काढता पुड्यासकट. पाण्याची बाटलीही सीलबंद. मी त्या पुड्याकडं पाहिलं असेन, कारण ती हळू आवाजात म्हणाली, "माय पाहुण्यांना घरचं काही देऊ देत नाही. मी केलेलंसुद्धा. स्वतः तर कित्येक वर्षांत दुसऱ्या कुणासाठी शिजवलं नाही. म्हणते, कोणाले बाधलं तर."

म्हातारीला ते ऐकू गेलं. "बराबर हाये," ती म्हणाली. "लेकराबाळायचा जीव असते. माया हाताले काई असंन तवा." मग माझा हात धरला. तिचे पंजे अजून खरखरीत होते, बोंडांच्या टोकांनी चिरलेले, जसे आमच्या भागातल्या सगळ्या बायांचे असतात. "बापू, एक बोलाचं राह्यलं होतं. तवा शाळेत चारचौघात तुमचं नाव घेतलं म्या. तुमी खाल्ली नवती, अन् मी म्हनलं खाल्ली. माया डोळ्याले चुकीचं दिसलं असंन. राग नोका धरू."

मी मान हलवली. राग नाही, असं म्हणालो. ती माझी माफी मागत होती आणि मी ती दिली. बाटलीचं सील फोडून पाणी प्यालो. न हुंगता प्यालो, पहिल्यांदा. आणि निघालो. जिन्यावर प्रज्ञा म्हणाली, बरं वाटलं मायला, सर, पुन्हा या.

वच्छलाबाई अजून आहे. तिच्या डोळ्यांना बरोबर दिसलं होतं. मी आंबाडीची भाजी दोनदा घेतली होती, मला काही झालं नाही कारण मी माझ्या टाकीतलं पाणी प्यालो नाही, आणि तिच्या हाताला काहीही नाही. हे मला तिच्यासमोर, प्रज्ञाच्या देखत, आणि मग गावात त्याच शाळेच्या वऱ्हांड्यात उभं राहून सांगायचं आहे, आणि त्यानंतर तिनं वाढलं तर जेवायचं आहे. इथं लिहिलं म्हणजे ते झालं असं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.